उलव्याची टेकडी आणि कानपूरचा अल्गोरिदम

मी उलव्यातून बोलतोय, त्यामुळे मागे विमानाचा आवाज आला तर समजून घ्या.

या विमानतळासाठी इथली सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून कापली, उलवे नदी वळवली, दहा गावं उठवली. आधीच्या आराखड्यात गाढी नदीही वळवायची होती. २०१० साली पर्यावरण मंजुरीच्या घासाघिशीत दोन धावपट्ट्यांमधलं अंतर कमी केलं आणि गाढी जागेवर राहिली. धावपट्ट्या दूर ठेवल्या तर नदी जाते, नदी ठेवली तर धावपट्ट्या जवळ येतात. दोन्ही मनासारखं मिळत नाही.

अशा वेळी जुना तोडगा असा: प्रत्येक गोष्टीला मार्क द्या, बेरीज करा, जास्त बेरीजवाला जिंकला. पण टेकडीला मार्क किती द्यायचे हे कोण ठरवणार? जो ठरवतो त्याने निकाल आधीच लावलेला असतो, आणि आपल्याला सांगतात 'कॉम्प्युटरने काढलंय'. मला हा प्रकार बिलकुल पटत नाही.

दुसरा रस्ता इटलीच्या विल्फ्रेडो पॅरेटोच्या विचारातून निघाला. समजा, तुम्ही इथे भाड्याने घर शोधताय. एक फ्लॅट १२ हजारांचा, खारकोपर स्टेशनपासून १० मिनिटांवर. दुसरा १५ हजारांचा, १५ मिनिटांवर. दुसरा सरळ बाद, कारण तो महागही आहे आणि लांबही. तिसरा ९ हजारांचा, पण २५ मिनिटांवर. आता पहिला की तिसरा? दोघंही यादीत राहतात. असे न हरलेले सगळे पर्याय म्हणजे पॅरेटो फ्रंट.

पर्याय लाखो असले तर ही यादी काढायची कशी? इथे उत्क्रांती कामाला आली. पर्यायांची एक 'पिढी' घ्यायची, चांगल्यांची सरमिसळ करायची, थोडे बदल करायचे, पुढची पिढी. १९८५ मध्ये डेव्हिड शॅफरने हे अनेक हेतूंसाठी करून पाहिलं. पण पिढीचा एकेक गट एकेकाच हेतूवर निवडला जायचा, त्यामुळे टोकाचे पर्याय टिकायचे आणि मधले मरायचे. १९८९ मध्ये डेव्हिड गोल्डबर्गने पुस्तकात सुचवलं की 'कोण कोणाकडून हरत नाही' यावर रँक लावा. ते १९९४ मध्ये आयआयटी कानपूरच्या एन. श्रीनिवास आणि कल्याणमय देब यांनी करून दाखवलं. नाव एनएसजीए. चालायचं, पण हळू.

मग २००२ मध्ये देब, अमृत प्रताप, समीर अगरवाल आणि टी. मेयारिवन यांचा एनएसजीए-टू आला. रँकिंग वेगवान झालं. आई-बाप आणि पोरं एकाच स्पर्धेत, म्हणजे चांगला जुना पर्याय हरवत नाही. आणि माझी आवडती गोष्ट: दोन पर्यायांची रँक सारखी असेल तर गर्दीपासून लांब उभ्या असलेल्याला झुकतं माप! त्यामुळे यादी एका कोपऱ्यात न साचता पसरते. जगभर इंजिनिअर लोक आजही हा वापरतात. निवड मात्र शेवटी माणसानेच करायची, आणि कशाच्या बदल्यात काय गेलं ते यादीत उघड दिसतं.

एक अडचण उरली. हेतू चार-पाच झाले की जवळपास प्रत्येक पर्याय कुठे ना कुठे सरस ठरतो, चाळणीतून काही गळतच नाही. म्हणून २०१४ मध्ये देब आणि हिमांशू जैन यांनी एनएसजीए-थ्री आणला. आमच्याकडे मोजायला बसा: धावपट्टी, गाढी, टेकडी, खारफुटी, दहा गावं. झाले की पाच.