आद्यांत्र-उच्छेदनानंतरचे जठरकार्य

आद्यांत्र (ग्रहणी) म्हणजे लहान आतड्याचा सुमारे २५ सेंमी. लांबीचा पहिला भाग. स्वादुपिंडाच्या शीर्षाचा आणि त्याचा रक्तपुरवठा सामाईक असल्याने दोन्ही बहुधा एकत्रच काढावे लागतात. न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

जठर शाबूत राखले तरी त्याचे काम बदलते, कारण त्याचा बराचसा लगाम आद्यांत्राकडे असतो. आम्ल पोहोचताच तेथून स्रवणारे सिक्रेटिन आम्लस्राव आवरते; मेद पोहोचला की कोलेसिस्टोकायनिन जठर सावकाश रिकामे करवते. उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी जठर झाडून काढणारी आकुंचनाची लाट मोटिलिनमुळे उठते आणि तेही मुख्यतः इथलेच.

सर्वांत त्रासदायक परिणाम म्हणजे जठर रिकामे होण्यास विलंब. रुग्णाला दोन घास खाताच पोट गच्च वाटते, उलटी होते, नाकातली नळी निघत नाही. नळी तिसऱ्या दिवसानंतरही लागली किंवा सातव्या दिवसापर्यंत घन आहार पचला नाही, तर विलंब मानावा, असे २००७ चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. मोटिलिनची उणीव हे एक कारण; मात्र स्वादुपिंडाच्या जोडातून गळती किंवा पोटात पू झाला नाही ना, हे आधी तपासलेच पाहिजे. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मोटिलिनच्या ग्राहींना चेतवते, म्हणून ते अल्प मात्रेत देतात. काही दिवसांत त्याचा प्रभाव ओसरतो. बहुतेकांचे जठर काही आठवड्यांत पूर्ववत चालू लागते.

जठराचे निर्गमद्वार काढले असल्यास उलट घडू शकते : गोड खाल्ल्यावर अन्न एकदम आतड्यात उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते. थोडे-थोडे, अनेकदा खाणे आणि जेवताना पाणी टाळणे यांनी पुष्कळ आराम पडतो. निर्गमद्वार राखण्याची पद्धत ट्रॅव्हर्सो व लाँगमायर यांनी १९७८ मध्ये मांडली. तिने विलंबाचा प्रश्न मात्र सुटला नाही.

आद्यांत्राचा अल्कधर्मी श्लेष्मा नसल्याने जोडाजवळच्या मध्यांत्रावर आम्लाने व्रण होऊ शकतो. त्यासाठी आम्लरोधक गोळ्या देतात. तंबाखू व वेदनाशामके हा धोका वाढवतात. लोहाचे शोषण घटून पांडुरोगही संभवतो. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे होतेच. पण ते डांबरासारखे चिकट व दुर्गंधी असल्यास रक्तस्राव समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, शस्त्रक्रिया कितीही जुनी असो.