संयुक्त मानापमान : गर्दी नेमकी कुणामुळे झाली?

संगीत नाटकात मोठं नाव घेतलं की तिकिटं खपतात, हे मेहकरपासून मुंबईपर्यंत सगळ्यांना 'माहीत' असतं. पण तुम्ही पेटची तयारी करत असाल, तर 'माहीत असतं' असं कुणी म्हटलं की तिथे थांबायची सवय लावून घ्या. आज हेच गृहीतक आपण नाट्य-इतिहासातल्या एका गाजलेल्या प्रयोगावर तपासून बघू.

तारीख ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत मानापमान'. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. एक गंधर्व नाटक मंडळीचे, दुसरे ललितकलादर्शचे. एरवी एकमेकांशी स्पर्धा असलेल्या कंपन्यांचे हे मुख्य नट त्या रात्री एका रंगमंचावर आले, म्हणून हा 'संयुक्त मानापमान'. सर्वांत महाग तिकीट १०० रुपये, आणि एका प्रयोगात सोळा हजारांच्या वर रक्कम जमली. त्या काळात ही केवढी रक्कम असेल, विचार करा!

मग निष्कर्ष सोपा वाटतो : दोन मोठी नावं, म्हणून मोठा गल्ला. पण जरा थांबा. एका वेळी एकच चल बदलायचं आणि बाकीची स्थिर ठेवायची, हे आपण बीएस्सीच्या प्रयोगशाळेतच शिकलो. इथे एका रात्रीत किती चलं बदलली ते मोजा.

पहिलं, दोन नामवंत नट एकत्र आले. दुसरं, उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जाणार होतं. टिळकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि काँग्रेसने या फंडासाठी १ कोटी रुपयांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. म्हणजे त्या १०० रुपयांत तिकीट किती आणि देणगी किती? तिसरं, दोन प्रतिस्पर्ध्यांचा सामना बघायची उत्सुकता. शिवाय नाटकही नवं नव्हतं. १९११ पासून ते रंगभूमीवर होतं आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली रसिकांच्या कानात बसलेल्या होत्या.

ही चलं वेगळी करायची तर तुलनेला दुसरा प्रयोग हवा : तेच नाटक, तेच शहर, साधारण तोच काळ, पण एकच मोठा नट, नेहमीचे दर आणि फंड नाही. पुढे याच जोडीने 'सौभद्र'ही एकत्र केलं, पण तिथेही दोघे होतेच. त्यामुळे एकट्याचा परिणाम कळत नाही. आणि ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. आता प्रयोग पुन्हा लावून बघणं शक्यच नाही. इतिहासाच्या संशोधनातली खरी अडचण हीच आहे.

दुसरा प्रश्न बाणाच्या दिशेचा. नाव मोठं म्हणून नाटक चाललं, की नाटक चाललं म्हणून नाव मोठं झालं? आपल्या मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे घ्या. मैफलींत त्यांचं नाव आधीपासून होतं. पण १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आलं आणि ते घरोघरी पोचले ते खाँसाहेब म्हणून. इथे बाण दोन्हीकडे जातो.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. 'यश' म्हणजे गल्ला की नफा? बालगंधर्वांची लोकप्रियता एवढी असूनही १९२१ च्या सुमारास गंधर्व नाटक मंडळी मोठ्या कर्जात होती. मंडळीचा थाट, दागिने, कपडेपट यांवर पैसा पाण्यासारखा जायचा. नुसता गल्ला मोजला तर ही कंपनी यशस्वी, ताळेबंद बघितला तर अडचणीत. आधी व्याख्या ठरवली नाही, तर दोन संशोधक एकाच कंपनीबद्दल उलटसुलट लिहितील आणि दोघेही बरोबर असतील.

'हे सगळं जुनं झालं, आता विदा कुठून आणायचा?' असं म्हणाल, तर पूर्व विदर्भाकडे बघा. वडशाच्या झाडीपट्टी कंपन्या दिवाळीनंतरच्या हंगामात गावोगाव नाटकं करतात, त्यांत गाणी भरपूर असतात. काही नाटकांत मुंबई-पुण्याचे सिनेमा-मालिकांतले कलाकार बोलावतात, काहींत नाही. म्हणजे तुलनेचा गट अजून जिवंत आहे, आणि तोही आपल्याच विदर्भात. सराव म्हणून यावर एका पानाचा आराखडा लिहून बघा : काय मोजाल, कशाशी तुलना कराल आणि कोणती चलं स्थिर ठेवाल?