पाचकरसाला लागणारा आठवडा

डुकराच्या पिल्लाचं अंगावरचं दूध तोडलं की पुढचे काही दिवस पाळणाऱ्याच्या जिवाला घोर असतो. पिल्लू मका-सोयापेंडीच्या खाद्याला नीट तोंड लावत नाही, खाल्लंच तर हगवण लागते, वजन वाढायचं थांबतं. दोष बहुधा खाद्यावर ढकलला जातो. मला मात्र इथे खरा प्रश्न वेळेचा वाटतो, आणि तो कळायला पाऊण शतक लागलं.

सुरुवात कुत्र्यांपासून झाली. सेंट पीटर्सबर्गमध्ये इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नलिका पोटाच्या कातडीबाहेर उघडली आणि पाव, दूध, मांस खाऊ घालून रस गोळा केला. आहार बदलला की रसाचा गुणही बदलतो, असं त्यांनी १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत मांडलं. पण या मोजमापात एक फट होती. प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडातून निष्क्रिय रूपात बाहेर पडतं आणि आतड्यातल्या एन्टेरोकायनेजमुळे जागं होतं. हे एन्टेरोकायनेज पावलोव्ह यांच्याच प्रयोगशाळेत नंतर सापडलं. साहजिकच आधीच्या आकड्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येईना.

पक्कं उत्तर १९४३ साली अमेरिकेत उंदरांकडून मिळालं. ग्रॉसमन, ग्रीनगार्ड आणि आयव्ही यांनी त्यांना ठरावीक आहारावर ठेवलं. पिष्टमय आहाराने स्वादुपिंडातलं अमायलेज वाढलं, प्रथिनांनी ट्रिप्सिन.

डुकराचा नंबर लागला तो फ्रान्समध्ये. पॅरिसजवळच्या जुई-आं-जोसास इथल्या कृषी संशोधन संस्थेत कोरिंग यांनी १९७० च्या दशकात डुकराच्या स्वादुपिंडाला कायमची नळी बसवून रस मोजला. मोजून झाल्यावर रस पुन्हा आतड्यात सोडायचा, नाहीतर रस गमावलेलं जनावर खंगतं आणि मोजमापही बिघडतं. मला या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. जनावर धडधाकट राहिलं, म्हणून त्याचं स्वादुपिंड दिवसामागून दिवस कसं बदलतं ते पाहता आलं. पिष्ट वाढवलं की अमायलेज वाढतं, चरबी वाढवली की लायपेज. पण हा बदल एका जेवणात होत नाही. ग्रंथीला विकरांची निर्मितीच नव्या प्रमाणात बसवावी लागते, आणि त्यात पाच ते सात दिवस जातात.

आता पिल्लाकडे पाहा. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज त्याच्याकडे जन्मतः मुबलक असतं. धान्याचं पिष्ट पचवणारं अमायलेज आणि माल्टेज मात्र सावकाश वाढतात. जठरातलं आम्लही कमीच, आणि दूध आंबून तयार होणारं लॅक्टिक आम्ल ती उणीव भरून काढत असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध एकदम तुटलं की हा आधारही जातो. न पचलेलं अन्न मग मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या जंतूंचं खाद्य होतं.

म्हणून जाणते लोक पिल्लं आईजवळ असतानाच त्यांच्यापुढे थोडं कोरडं खाद्य ठेवतात, दूध तोडल्यावरही काही दिवस व्हे पावडर आणि शिजवलेलं धान्य देतात आणि सोयापेंड हळूहळू वाढवतात. युरोपीय संघाने दूध तोडण्याचं किमान वय सर्वसाधारणपणे २८ दिवस ठरवलं आहे. खास स्वच्छ केलेली वेगळी जागा असेल तर ते २१ दिवसांपर्यंत आणता येतं.