जाळीच्या आधीचा तळवा

नवीन जालन्यात आज नवरीचा हात कोपरापर्यंत जाळी, वेली, ठिपके आणि बारीक रेघांनी भरतो. हा भराव पुरातन मानला जातो. माझ्या मते तो मेंदीच्या कोनाचे अपत्य आहे. कोनाआधी मराठी घरांत पाट्यावर वाटलेल्या मेंदीच्या पाल्याचा लगदा बोटाने लावत: तळव्यावर वाटोळा ठिपका, बोटांची टोके रंगलेली. तंतुमय लगद्यातून केसासारखी रेघ निघत नाही. तिला वस्त्रगाळ पूड आणि बारीक छिद्र हवे.

यावर कोणी म्हणेल, राजस्थानात काडीनेही नाजूक नक्षी रेखत. खरे आहे, आणि या व्यापारी गावात मारवाडी कुटुंबेही आहेत. शिवाय १९४८पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होते, जिथे मुस्लिम लग्नांत सांचकच्या विधीत वराकडून मेंदी येई. म्हणजे नक्षीची आवड जुनी. पण काडीने दोन्ही हात कोपरापर्यंत भरायला लागणारा वेळ आणि कसब किती घरांना परवडणार? कोनाने ते काम काही तासांत आणले, आणि मोठ्या आकृत्यांमधली मोकळी कातडी भरणे हाच मेंदीवालीच्या कसबाचा कस ठरला. चित्रपटांनी ही हौस वाढवली, हे मान्य. पण पडद्यावर पाहिलेले हातावर उतरवायला साधन आधी हाताशी असावे लागते.