अपघाताचा क्लेम चालू आहे? मग स्टेटस टाकण्याआधी हे वाचा

मी सॉफ्टवेअर इंजिनियर, गाव भडगाव. जळगाव-चाळीसगाव रस्ता आमच्या गावातूनच जातो, त्यामुळे अपघात आणि क्लेम हे विषय घरोघरी निघतात. पण क्लेमचा आणि मोबाईलचा काय संबंध, हे फारसं कुणी सांगत नाही.

भरपाई कशावर ठरते?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतो. भरपाई फक्त सर्टिफिकेटवरच्या अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरत नाही. 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्या दुखापतीमुळे त्या माणसाची कमाई किती बुडाली ते बघायचं. डावा हात गेला तर ड्रायव्हरचं कामच सुटतं, क्लार्कची नोकरी टिकू शकते. म्हणजे तुम्ही रोज काय करू शकता, हाच कळीचा प्रश्न.

पोस्ट इथे नडते

समजा, पिकअप चालवणाऱ्या एका तरुणाचा पाय मोडला. जास्त वेळ उभं राहता येत नाही, असं दाव्यात लिहिलंय. चुलतभावाच्या हळदीत तो दोन मिनिटं नाचला आणि मित्राने रील टाकून त्याला टॅग केलं. रात्री पाय सुजला, ते रीलमध्ये दिसत नाही. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत नेमकी तीच रील पुढे करू शकतो. अपघाताआधीचा ट्रेकचा फोटो आज टाकला, तरी पोस्टवर तारीख आजचीच दिसते.

अकाउंट प्रायव्हेट आहे? स्टेटस २४ तासांत जातं? स्क्रीनशॉट काढायला एक सेकंद पुरतो.

स्क्रीनशॉट कोर्टात चालतो का?

नुसता दाखवून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार डिजिटल कॉपीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा; एक पिक्सेल बदलला तरी ठसा बदलतो. पण फाईल नंतर बदलली नाही, एवढंच त्यातून कळतं. फोटो कधीचा, हे हॅश सांगत नाही.

प्रमाणपत्राचा मुद्दा आपल्याकडच्याच एका केसमध्ये गाजला होता. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात व्हिडिओ रेकॉर्डिंग पुरावा होतं. जुन्या कायद्याखालच्या त्या खटल्यात, मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं.

मग काय करायचं?

- दावा चालू असेपर्यंत अपघात, उपचार, तडजोड यावर काही टाकू नका. मित्रांनाही टॅग करू नका म्हणावं.
- आधीच टाकलेलं घाईने डिलीट करू नका, आधी वकिलाला दाखवा. पुरावा मिटवण्यासाठी डिलीट करणं गुन्हा ठरू शकतो.
- अपघाताचे मूळ फोटो-व्हिडिओ फोनमध्ये जपा, बॅकअप घ्या. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-लोकेशनची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.
- अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आहे, म्हणून वकिलाला लवकर भेटा.

आणि डॉक्टरला, वकिलाला खरं तेच सांगा. दोन मिनिटं नाचलात तर तेही सांगा, रात्री पाय सुजला तेही सांगा. रीलमध्ये अर्धीच गोष्ट असते, उरलेली तुमच्या केसपेपरवर लिहिलेली हवी.