आकाशदिवा आणि डाग

आपल्याच हातानें ठेवलेली वस्तु आपल्यासच न सांपडावी, यासारखी चमत्कारिक फजिती दुसरी नाहीं. चोरीस गेलेल्या वस्तूबद्दल निदान दुसऱ्यास दोष देतां येतो. पण गुलमंडीच्या एखाद्या गल्लींत सकाळीं उभी केलेली गाडी दुपारीं सांपडेनाशी झाली म्हणजे दोष कोणास द्यावा? अशा वेळीं हल्लीं लोक खिशांतून मोबाइल काढतात. त्याच्या पडद्यावर नकाशा उमटतो, नकाशावर एक ठिपका दिसतो, आणि त्या ठिपक्याच्या रोखानें चालत गेलें म्हणजे गाडी सांपडते. ही सोय काल-परवांची म्हणून आपण तिचें कौतुक करतों. परंतु तिच्या पोटीं जो प्रश्न आहे तो छत्रपति संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, नवा नाहीं. हजारों तंबू आणि हजारों घोडीं यांच्या गर्दींत आपलें ठिकाण कसें ओळखावें, हा प्रश्न ज्यांस रोज पडत असे अशा लोकांनींच हें शहर वाढविलें. त्यांनीं काढलेलीं उत्तरें कोणतीं होतीं, व त्यांचा आजच्या यंत्रांशीं काय संबंध पोंचतो, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी येथें नवें शहर वसविलें. १६१२ चा भडकल दरवाजा त्याच्या काळाची साक्ष देत अद्याप उभा आहे. औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला तेव्हां, १६५३ च्या सुमारास, शहरास त्याचें नांव मिळालें. २०२३ सालीं तें बदलून छत्रपति संभाजीनगर झालें. मोंगलांच्या दक्षिणेंतील कारभाराचें हें मुख्य ठाणें झाल्यावर सरदार आपापल्या पथकांसह येथें येऊन राहूं लागले. करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा हीं नांवें बिकानेरचा राजा करणसिंह, त्याचा पुत्र पदमसिंह आणि मिर्झाराजा जयसिंह यांची आठवण देतात. आज ज्यांस आपण पुरे म्हणतों ते एके काळचे सरदारांचे तळ होत. तंबू गेले, दगडविटांचीं घरें आलीं, पण छावणींतील जागांचीं नांवें राहिलीं. पुरा कोणता आणि दरवाजा कोणता एवढें सांगितलें कीं परक्या मनुष्यास घर सांपडावें, हा बावन्न दरवाजांच्या या शहराचा जुना पत्ता होय.

शहरास दरवाजे असतात. चालत्या छावणीस ते कोठून असणार? आणि मोंगलांची छावणी म्हणजे चालतें शहरच होतें. इटालियन प्रवासी करेरी यानें १६९५ सालीं कृष्णाकांठीं गलगलें येथें औरंगजेबाची छावणी पाहिली. तिचा घेर तीस मैल आणि तींतील बाजार अडीचशें असे त्यानें लिहून ठेविलें आहे. एवढ्या विस्तारांत सायंकाळीं बाहेरून परतलेल्या स्वारानें आपला तंबू कसा हुडकावा? यावर अकबराच्या वेळींच तोड निघाली होती. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत तिचें वर्णन केलें आहे. दरबाराच्या समोर चाळीस गजांहून उंच असा एक खांब सोळा दोरांनीं ताणून उभा करीत आणि त्याच्या टोंकास मोठा कंदील लावीत. त्यास आकाशदिवा म्हणत. दूरवरून तो दिसला कीं शिपायास छावणी सांपडे, आणि छावणीची मांडणी ठरलेली असल्यामुळें त्या दिव्याच्या अनुरोधानें आपला तंबूही सांपडे.

औरंगजेबाबरोबर १६६४ च्या अखेरीस दिल्लीहून काश्मीरच्या वाटेस लागलेला फ्रेंच वैद्य बर्नियर यानें या दिव्याचा अनुभव स्वतः घेतला होता. संध्याकाळीं शेण्यांच्या व ओल्या लांकडांच्या चुली पेटल्या म्हणजे छावणीवर असा धूर दाटे कीं हातभर अंतरावरचें दिसत नसे. एकदां त्यास चंद्र उगवेपर्यंत थांबावें लागलें. एकदां कसाबसा तो आकाशदिव्याच्या बुंध्याशीं पोंचला आणि घोडा व चाकर यांसह त्यानें रात्र तेथेंच काढली. वाट चुकलेले लोक तेथें येऊन चोरांच्या भीतीवांचून राहत, किंवा तेथून पुन्हां आपल्या बिऱ्हाडाचा शोध घेऊं लागत, असें तो सांगतो.

मराठ्यांच्या छावणींत एवढा थाट नसे, पण युक्ति तीच होती. ब्रॉटन नांवाचा इंग्रज अधिकारी १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर होता. बिनीवाले पुढें जाऊन महाराजांच्या डेऱ्याच्या जागीं लहानसें पांढरें निशाण रोवीत, आणि मागून येणारे बाजार आपापलीं निशाणें नेहमींच्याच क्रमानें लावीत, असें त्यानें आपल्या पत्रांत लिहिलें आहे. मुक्काम रोज बदले. जमीन, नदी, डोंगर सारें बदले. परंतु निशाणापासून आपल्या बाजाराची दिशा मात्र बदलत नसे. सर्वांस दिसणारी एक उंच खूण आणि तिच्यापासून मोजलेलें आपलें अंतर, या दोन गोष्टींवर हा सारा व्यवहार चाले.

हें झालें ठिकाणाचें. घोडें ओळखण्याचा प्रश्न याहून निराळा, आणि त्याचा इतिहासही निराळा आहे. अल्लाउद्दीन खिलजी १२९६ सालीं देवगिरीवर, म्हणजे या शहराजवळच्या दौलताबादेवर, चालून आला. पुढें दिल्लीच्या तख्तावर बसल्यावर त्यानें फौजेंतील घोड्यांस डाग देण्याची चाल सुरू केली. तिचें कारण उघड आहे. हजिरीच्या दिवशीं दुसऱ्याचें उत्तम घोडें मागून आणून दाखवावयाचें आणि एरवीं तट्टावर भागवावयाचें, ही सरकारास फसविण्याची सोपी वाट होती. अकबरानें १५७३-७४ च्या सुमारास हीच पद्धति पुन्हां चालू केली व तिला ‘चेहरा’ म्हणजे स्वाराच्या व घोड्याच्या वर्णनाच्या नोंदीची जोड दिली. आपल्या भाषेंतही कुमाईत, अबलख, सब्जा, पंचकल्याणी असे घोड्यांचे रंग व खुणा सांगणारे किती तरी शब्द आहेत. घोडें सरकारी असलेला तो बारगीर आणि घोडें स्वतःचें असलेला तो शिलेदार, हा भेद जेथें पगारास लागू होतो, तेथें कोणतें घोडें कोणाचें हें नेमकें सांगतां येणें भागच होतें.

तेव्हां खुणा दोन जातींच्या ठरल्या. आकाशदिव्यानें मनुष्य आपलें ठिकाण शोधी. डागानें सरकार त्यास व त्याच्या घोड्यास शोधी. दिवा कोणाकडे पाहत नसे, सर्व त्याच्याकडे पाहत. डाग मात्र दुसऱ्यानें पाहावा म्हणूनच दिलेला असे. या दोहोंची गरज होती, आणि त्यांत एकास चांगलें व दुसऱ्यास वाईट म्हणण्याचें कारण नाहीं. मात्र त्यांचीं कामें वेगळीं होतीं, आणि तीं वेगळीं आहेत हें शिपायासही ठाऊक होतें.

आतां मोटारींकडे वळूं. घोड्याचा रंग, चाल व खोड निराळी असते. कारखान्यांतून निघालेली गाडी आपल्या भावंडांसारखीच असते. या शहरास तर ही गोष्ट घरचीच आहे. वाळूज येथें १९८५ पासून बजाजच्या कारखान्यांतून दुचाकी बाहेर पडत आहेत, आणि २०१० सालीं येथील उद्योजकांनीं एकजुटीनें सुमारें दीडशें मर्सिडीज गाड्या विकत घेतल्या ती वार्ता देशभर गाजली. एकसारख्या वस्तु वाढल्या कीं खुणेची गरज वाढते. पॅरिसच्या पोलिसांनीं १८९३ मध्येंच मोटारींस पाट्या लावावयास सांगितलें. आपल्याकडे ‘एमएच २०’ हीं अक्षरें पाहतांच गाडी या जिल्ह्याची हें कळतें. हा आधुनिक डागच होय. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांस जी अतिसुरक्षित पाटी बसवितात तिच्यावर अशोकचक्राचें चकाकतें चित्र असतें आणि लेझरनें कोरलेला कायमचा क्रमांक असतो. डाग देण्याची ही रीत शाहण्यासारखीच आहे. फक्त तापलेल्या लोखंडाच्या जागीं प्रकाशाचा किरण आला.

आणि आकाशदिवा? तोही आला आहे, व या वेळीं खरोखरच आकाशांत. अमेरिकेनें १९७८ पासून सोडलेले स्थानदर्शक उपग्रह सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून आपली जागा व वेळ अखंड सांगत असतात. चार उपग्रहांचे संदेश किती उशिरानें पोंचले हें मोजून आपल्या हातांतील यंत्र स्वतःचें ठिकाण काढतें. प्रारंभीं नागरिकांस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळीत; ती शंभर मीटरांपर्यंत जाई, आणि गुलमंडींत शंभर मीटर म्हणजे गल्लीच दुसरी. मे २००० मध्यें ही भेसळ बंद झाली तेव्हांपासून खाजगी वाहन शोधण्यास हा दिवा उपयोगी पडूं लागला. भारतानेंही २०१३ ते २०१६ या काळांत ‘नाविक’ या नांवानें आपली स्वतंत्र योजना उभी केली. गाडीचें यंत्र बंद झालें कीं तिचा मोबाइलशीं जोडलेला बिनतारी धागा तुटतो. तो ज्या जागीं तुटला ती जागा मोबाइल टिपून ठेवतो. युक्ति एवढीच. तळघरांतील वाहनतळांत उपग्रहाचा संदेश पोंचत नाहीं. तेथें अजून भिंतीचा रंग व खांबाचा आंकडा लक्षांत ठेवणें हाच उपाय आहे, म्हणजे पुन्हां ब्रॉटननें पाहिलेलीं निशाणें.

येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. उपग्रह फक्त बोलतो, ऐकत नाहीं. कोण त्याचा संदेश घेतो हें त्यास कळत नाहीं. या बाबतींत तो अकबराच्या कंदिलाचा सख्खा वारस आहे. परंतु ज्या मोबाइलनें आपण ठिकाण काढतों तो तें ठिकाण आपल्यापुरतें ठेवील कीं दूरच्या कचेरींत पाठवील, हें त्यांतील योजनेवर अवलंबून असतें. पाठविलें, कीं दिव्याचा डाग झाला. पूर्वी डाग घोड्याच्या अंगावर, मालकाच्या डोळ्यांदेखत बसे. त्यास तो माहीत असे. आतांचा डाग गाडीवर दिसत नाहीं, आणि तो बसल्याचा चटकाही लागत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रामाणिक मनुष्यास याची भीति कशाला? बस वा टॅक्सी कोठें आहे हें कळल्यानें उतारूंचें रक्षण होतें. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, तीनचाकी वगैरे वगळून, स्थानदर्शक यंत्र व संकटकाळीं दाबावयाची कळ लागू झाली ती याच हेतूनें. २०२१ पासून पथकरासाठीं ‘फास्टॅग’ सक्तीचा झाल्यानें नाक्यावरील खोळंबा कमी झाला. हे लाभ खरे आहेत आणि आम्ही ते नाकारीत नाहीं. सार्वजनिक वाहनास, हजिरीच्या घोड्यास, डाग असावा हें न्याय्यच आहे. प्रश्न खाजगी मनुष्याच्या रोजच्या हिंडण्याफिरण्याचा आहे. तो दवाखान्यांत गेला, कोणत्या सभेस गेला, कोणाच्या दारीं थांबला, याची वही ठेवण्याचा अधिकार केवळ त्यास गाडी शोधून दिली म्हणून कोणास मिळत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ मध्यें खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला; आणि जुलै २०२४ मध्यें, जामिनावर सुटलेल्या आरोपीनें आपलें ठिकाण नकाशावर पोलिसांस सतत दाखवीत राहावें अशी अट घालतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. आरोपीसही जें संरक्षण आहे तें गुलमंडींत खरेदीस आलेल्या गृहस्थास असूं नये काय?

सारांश, नवें यंत्र हातीं येईल तेव्हां त्यास एक साधा प्रश्न विचारावा: हा आकाशदिवा आहे कीं डाग? दिवा असेल तर तो जितका उंच लावाल तितका बरा. डाग असेल तर तो कोणीं दिला, कशासाठीं दिला, आणि त्याची वही कोणाच्या हातीं आहे, हें मालकास कळलें पाहिजे. बर्नियर त्या रात्रीं दिव्याखालीं निर्धास्त निजला. तो तेथें आल्याची नोंद कोणीं केली नाहीं, आणि ती न केल्यानें बादशहाचें कांहीं अडलेंही नाहीं.