अणुभार व बंधनऊर्जा : ऐतिहासिक आढावा

अणुकेंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन एकमेकांपासून पूर्णपणे अलग करण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेस त्या अणुकेंद्राची बंधनऊर्जा म्हणतात. अणुभार पूर्णांकी का नाहीत, या जुन्या प्रश्नाच्या शोधातून ही संकल्पना पुढे आली.

सर्व अणुभार हायड्रोजनाच्या अणुभाराच्या पूर्णांकी पटीत असतात, असे विल्यम प्राउट यांनी १८१५ मध्ये सुचविले. पण क्लोरिनाचा अणुभार ३५·४६ आढळल्याने ही कल्पना मागे पडली. १९१९ मध्ये केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत एफ्. डब्ल्यू. ॲस्टन यांनी विद्युत् भारित अणू द्रव्यमानानुसार अलग करणारा द्रव्यमान वर्णपटलेखक तयार केला. त्यावरून क्लोरीन हे ३५ व ३७ द्रव्यमानांच्या समस्थानिकांचे (अणुक्रमांक तोच पण द्रव्यमान भिन्न असलेल्या प्रकारांचे) मिश्रण असल्याचे दिसून आले. ऑक्सिजनाचे द्रव्यमान १६ मानल्यास इतर समस्थानिकांची द्रव्यमानेही जवळजवळ पूर्णांकी ठरली. ठळक अपवाद हायड्रोजनाचा (१·००८) होता.

या अपवादाचे कारण मिश्रण हे नव्हते. चार हायड्रोजन अणूंचे द्रव्यमान ४·०३२ होते, तर हीलियमाचे ४·०० म्हणजे सु. ०·०३ एककाने कमी. आइन्स्टाइन यांच्या १९०५ मधील समीकरणानुसार या तुटीइतकी ऊर्जा बाहेर पडावयास हवी. हाच सूर्याच्या ऊर्जेचा उगम असावा, असे ए. एस्. एडिंग्टन यांनी १९२० मध्ये प्रतिपादन केले.

ॲस्टन यांनी १९२७ मध्ये अधिक अचूक मापने प्रसिद्ध केली. १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनाचा शोध लावल्यावर या तुटीचा अर्थ स्पष्ट झाला. आधुनिक मापनांनुसार एक अणुद्रव्यमान एकक म्हणजे ९३१·५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा. दर कणामागे बंधनऊर्जा हीलियमात सु. ७·१, लोहाच्या आसपास ८·८ व युरेनियमात ७·६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. म्हणून हलक्या अणुकेंद्रांच्या संयोगाने व जड अणुकेंद्रांच्या भंजनाने ऊर्जा मुक्त होते.

भंजनाचा प्रत्यय १९३८ अखेर आला. ओटो हान व फ्रिट्झ श्ट्रासमान यांना बर्लिन येथे न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियमात बेरियम आढळले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावा लागलेल्या लीझ माइटनर व त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी स्वीडनमध्ये याचा उलगडा केला. भंजनात प्रोटॉनाच्या सु. एक-पंचमांश द्रव्यमानाची तूट येते, असे माइटनर यांनी ॲस्टन यांच्या मापनांच्या आधारे काढले. ही तूट म्हणजे सु. २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. अणुकेंद्राचे दोन विद्युत् भारित तुकडे परस्परांना दूर लोटतात, त्या प्रतिसारणातूनही तेवढीच ऊर्जा येत होती. या दोन आकड्यांच्या मेळामुळे भंजनाची उपपत्ती निश्चित झाली. पुढे अणुबाँब (१९४५) व अणुभट्टी (१९४२) यांच्या उभारणीस हीच आकडेमोड पायाभूत ठरली.